अध्यक्षांच्या फोटोपाशी थांबलेला बाण

आमच्या शास्त्रात ढगाला फार मान आहे. माणसाला जे हवंय ते नेमकं सांगता आलं, तर ते लंबगोलात लिहायचं. नेमकं सांगता आलं नाही, म्हणजे ‘कारभार चांगला व्हावा’, ‘लोक खूश असावेत’ अशा छापाचं काही असलं, की ते ढगात टाकायचं. ढगात टाकलेली गोष्ट पूर्ण झाली की नाही हे कुणी विचारत नाही, कारण ते ठरवता येत नाही असं आधीच ठरलेलं असतं. हे मला कळायला पीएचडीची बरीच वर्षं जावी लागली.

विषय असा होता की नातेवाइकांना सांगताना मला घाम फुटायचा. एखाद्या संस्थेसाठी सॉफ्टवेअर लिहायचं, तर आधी त्या संस्थेत कोणाला काय हवंय आणि त्यासाठी कोण कोणावर अवलंबून आहे हे शोधून त्याचं चित्र काढायचं. माणसं गोलात, ध्येयं लंबगोलात किंवा ढगात, आणि ज्याला गरज आहे त्याच्याकडून जो ती भागवणार त्याच्याकडे बाण. झालं. ‘म्हणजे कोणाचं घोडं कुटं अडलंय ते बघायचं व्हय?’ असं आत्याने विचारलं होतं. मी हो म्हटलं. ‘त्याला कॉलेजात कशाला जायचं?’ असं तिचं पुढचं म्हणणं होतं, पण मी तोवर चहाचे कप उचलून आत गेले होते.

या आत्याच्या घरी मी लहानाची मोठी झाले. घर मुळशी तालुक्यात, माले गाव ओलांडून पुढे गेलं की लागणाऱ्या एका गावात. गावठाण वर, टेकडीच्या अंगाला. आमची बौद्धवस्ती खाली, ओढ्यापलीकडे. टेकडीवर पाण्याची टाकी आहे, तिला दोन वॉल आहेत. एक फिरवला की गावठाणाला पाणी, दुसरा फिरवला की वस्तीला. गावठाणाचा वॉल पहाटे फिरायचा आणि वस्तीचा फिरायचा दुपारी, वॉल फिरवणाऱ्याचं जेवण झालं की. जवळच एवढं थोरलं धरण, त्याच्या कडेने रिसॉर्टांचे निळेशार तलाव, आणि आमच्या नळाला पाणी दुपारी.

आत्या अशाच एका रिसॉर्टात चादरी-टॉवेल धुण्याच्या कामाला होती. कामावर नेणारी जीप सकाळी आठला फाट्यावरून निघायची. म्हणजे कामाला गेलं तर पाणी नाही आणि पाणी भरलं तर काम नाही. शेजारची म्हातारी इतके दिवस हिचे हंडे भरून ठेवायची, ती लेकीकडे राहायला गेली. मग आत्या कधी उशिरा पोचायची, कधी दांडी मारायची. शेवटी रिसॉर्टच्या मॅनेजरने सांगितलं की दिवाळीपर्यंत बघतो, जमलं तर या, नाहीतर दुसरी बाई बघतो.

‘दिवसभर दुसऱ्याच्या चादरी पाण्यात बुचकळायच्या,’ आत्या म्हणायची, ‘आन घरी येऊन बघावं तर प्यायच्या हंड्यात पाली फिरत्यात. काय म्हणावं ह्याला?’

मी स्वतः तेव्हा पुण्याच्या कडेला, भुकूमला, एका नव्या इमारतीत भाड्याने राहत होते. तिथे टँकर यायचा. बिल्डरने माहितीपत्रकात ‘निसर्गाच्या कुशीत’ असं लिहिलं होतं, आणि निसर्ग रोज सकाळी हॉर्न वाजवत गेटातून आत यायचा. पण यायचा तरी सकाळी.

तर माझं घोडं अडलं होतं उदाहरणावर. चित्रं काढायला एक खरीखुरी संस्था हवी होती. हिंजवडीतल्या कंपन्यांनी दारातूनच वाटेला लावलं. आमच्यात कोणाला काय हवंय हे बाहेर सांगता येणार नाही म्हणाल्या. खरं तर ते त्यांना आतही सांगता येत नसावं. मुदतवाढीवर मुदतवाढ घेऊन झाली होती आणि आता मिळणारी शेवटची, असं विद्यापीठाने बजावलं होतं. एके दिवशी माझे गाईड, म्हणजे सर, हताश होऊन म्हणाले, ‘अगं, कुठली तरी संस्था आण. काहीही चालेल.’ मी पटकन बोलून गेले, ‘आमच्या गावची पाणीपुरवठा समिती चालेल का?’

सर खुर्चीतून उठले. ‘रूरल!’ ते म्हणाले. ‘वॉटर! अगं, इतके दिवस का बोलली नाहीस?’ त्यांच्या डोळ्यांसमोर परदेशातली परिषद तरळताना मला दिसली. तिथल्या तिथे ठरलं: समितीचा अभ्यास करायचा, चित्र काढायचं, आणि त्यावरून वॉल आपोआप उघडणारं सॉफ्टवेअर तयार करायचं. पुढे परदेशातले पाहुणे येऊन सगळं प्रत्यक्ष बघणार होते. माझ्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. यंत्राला गावठाण आणि वस्ती यांतला फरक कुठून कळणार? यंत्र सांगितलेल्या वेळेला वॉल उघडेल. आत्या आठच्या जीपने जाईल. मला पदवी मिळेल आणि तिला पाणी, एका चित्रात दोघींचं भागेल. मी अगदी हुरळून गेले होते.

पहिली मुलाखत समितीच्या अध्यक्षांची. डोंगराकडची भातखाचरं विकून त्यांनी रस्त्याला खोल्या बांधल्या होत्या आणि त्या भाड्याने दिल्या होत्या, त्यामुळे त्यांना समाजकार्याला भरपूर वेळ असायचा. पांढरे कपडे, पांढरे बूट, पांढरी गाडी. मला लहानपणी ते ‘ए पोरी’ म्हणायचे, आता लॅपटॉप बघून ‘म्याडम’ म्हणायला लागले.

‘काका, समितीचं ध्येय काय?’ मी विचारलं.

‘लिहा,’ ते डोळे मिटून म्हणाले. ‘सर्वांना समान पाणी.’

‘मग वस्तीला दुपारी का येतं?’

त्यांनी डोळे उघडले. ‘ते आधीपास्नं तसंच हाय. आधी गावठाण, मग वस्ती. त्यात भेदभाव न्हाई बरं का म्याडम. क्रम हाय फक्त.’

‘क्रम उलटा केला तर?’

‘मग तो क्रम कसा राहील?’ ते म्हणाले, आणि आतून चहा मागवला.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! पण संशोधकाने मुलाखतीत मत मांडायचं नसतं, असं आमच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. म्हणून मी गुमान चहा प्यायले. चांगला होता, आलं घातलेला.

चित्र घेऊन सरांकडे गेले. मी ‘वस्तीला सकाळी आठच्या आत पाणी’ असं ठळक लंबगोलात लिहिलं होतं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘हे कोण म्हणालं?’

‘वस्तीतले लोक म्हणतात, सर.’

‘समितीत आहेत का ते?’

‘नाहीत.’

‘मग ते या संस्थेचे घटक नाहीत. लाभार्थी आहेत. लाभार्थ्यांना गोल नसतो.’ त्यांनी लाल पेनने वस्तीचा गोल खोडला, त्याबरोबर आठच्या आतलं पाणीही गेलं. ‘अध्यक्ष काय म्हणाले?’

‘सर्वांना समान पाणी.’

‘समान म्हणजे नेमकं काय? वेळेने समान? लिटरने समान? भावनेने समान? मोजता येत नाही.’ आणि सरांनी त्याच्याभोवती सुंदर ढग काढला. मग त्याच्या शेजारी ‘गावठाणाला प्रथम पाणी’ असा लंबगोल काढला, कारण ते मोजता येतं, पहाटे गावठाणाचा वॉल फिरला की झालं. दोघांच्या मध्ये त्यांनी विजेसारखी नागमोडी रेघ मारली. ती रेघ म्हणजे संघर्ष.

‘बघ!’ सर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. ‘काय सुरेख संघर्ष आहे! असा नैसर्गिक संघर्ष कुठल्याच पेपरमध्ये नाही. तुझा प्रबंध या एका रेघेवर उभा राहील.’

‘पण सर, यावरून सॉफ्टवेअर केलं तर ते काय करणार? गावठाणाचा वॉल पहाटे उघडणार आणि ढगाचं काहीच करणार नाही. मग आत्ता चाललंय तेच की!’

‘तेच तर. संस्थेची ध्येयं आपण जशीच्या तशी पकडली, म्हणून तेच येणार. याला अचूकता म्हणतात. आणि हे बघ, भावनिक होऊ नकोस. मॉडेल न्यूट्रल असतं.’

न्यूट्रल म्हणे! मी बसस्टॉपवर उभी राहून मनातल्या मनात सरांना, ढगाला, लंबगोलाला आणि ज्याने कोणी ही चिन्हं शोधली त्याला अशा काही शिव्या घातल्या की शेजारची बाई जरा सरकून उभी राहिली. मी बहुतेक काही शिव्या मोठ्याने दिल्या होत्या.

पण पुस्तकात आणखी एक नियम होता आणि तो सरांना फार प्रिय होता. चित्र तयार झालं की ज्यांचं आहे त्यांना ते दाखवायचं आणि त्यांच्याकडून पसंतीची मोहोर उमटवून घ्यायची. ‘ग्रामसभेत दाखव,’ सर म्हणाले. ‘मोठ्या आकारात छाप म्हणजे सगळ्यांना दिसेल. आणि ते काही बदल सुचवतील तर ते तसेच्या तसे घ्यायचे हं. संस्थेचा आवाज महत्त्वाचा.’ हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं.

मोठ्या आकारात छापायचं म्हणजे आमच्याकडे एकच अर्थ होतो: फ्लेक्स. पौड रस्त्याने एकदा जाऊन बघा. वाढदिवस, निवड, फेरनिवड, बैलगाडा शर्यत, दहाव्याचा विधी, सगळ्याचे फ्लेक्स. त्यांवर कोणाचा फोटो केवढा यावरून कोण केवढा ते ठरतं. मधला मोठा, बाजूचे मध्यम, खाली टपाल तिकिटाएवढे शुभेच्छुक. फोटो लहान झाला म्हणून सख्खे भाऊ एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत. हे सगळं मला जन्मापासून ठाऊक होतं, आणि तरीही संशोधनाच्या नादात ते माझ्या ध्यानातून पार गेलं.

पौडच्या फ्लेक्सवाल्याने माझं चित्र पडद्यावर उघडलं आणि बराच वेळ बघत राहिला. ‘फोटो कुटंयत?’

‘फोटो नाहीत. असंच छापायचंय.’

‘फोटोबिगर फ्लेक्स?’ त्याला माझी कीव आली असावी. त्याने आपल्या पदरचं थोडं घातलं. ढगाला आकाशी रंग आणि सावली दिली, संघर्षाच्या विजेला सोनेरी केलं, आणि हाताला सवय म्हणून खाली ‘शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ’ असं छापून टाकलं.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर फ्लेक्स लागला आणि संध्याकाळी मला अध्यक्षांचा फोन आला. ‘म्याडम, हितं काय चाललंय?’

मी आत्याकडेच होते, धावत गेले. फ्लेक्ससमोर गर्दी. अध्यक्ष कमरेवर हात ठेवून उभे. झालं होतं असं, की मी गोलाचा आकार आतल्या अक्षरांवरून ठेवला होता. ‘अध्यक्ष’ हा शब्द छोटा, म्हणून गोल छोटा. ‘पाणी सोडणारा कर्मचारी’ हे लांबलचक, म्हणून गोल चांगला परातीएवढा. आणि पाण्याच्या वेळेसाठी सगळे त्याच्यावरच अवलंबून, म्हणून सगळे बाण त्याच्याकडे. अध्यक्षांच्या गोलाकडे एकही बाण नव्हता. तो बिचारा पाणी सोडणारा तर फ्लेक्स बघून घरी जाऊन बसला होता आणि बाहेर यायला तयार नव्हता.

‘ह्यो एवढा,’ अध्यक्ष दोन्ही हात पसरून म्हणाले, ‘आन मी एवढुसा?’ त्यांनी बोटांच्या चिमटीत स्वतःला दाखवलं. मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं. ‘आन बाण? मला एक बाण न्हाई? मी काय उगाच बसलोय हितं?’

‘काका, बाण म्हणजे काय ते आधी समजून घ्या,’ मी म्हटलं. ‘ज्याला गरज आहे त्याच्याकडून बाण निघतो आणि ज्याच्यावाचून अडतं त्याच्याकडे जातो.’

‘मग गावाचं माझ्यावाचून अडत न्हाई?’

आणि बघा, तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सरांचं वाक्य आठवलं: बदल सुचवतील तर तसेच्या तसे घ्यायचे, संस्थेचा आवाज महत्त्वाचा. मी वही काढली. ‘अडतं की काका,’ मी म्हटलं. ‘चूक झाली माझी. सांगा, कोणाकोणाचं अडतं?’

‘सगळ्यांचं!’

‘गावठाणाचं?’

‘व्हय.’

‘शाळेचं? दवाखान्याचं?’

‘व्हय, व्हय.’

‘वस्तीचं?’ मी अगदी साध्या आवाजात विचारलं.

‘वस्तीचं तर लईच,’ अध्यक्ष म्हणाले. ‘माझ्याबिगर कोण हाय त्यांना?’

‘मग वस्तीचा बाण तुमच्याकडे घेते. त्यावर काय अडतं तेही लिहावं लागतं. “वस्तीला सकाळी आठच्या आत पाणी” असं लिहू?’

ते क्षणभर थांबले. पण त्यांचं लक्ष फ्लेक्सवरच्या त्या परातीएवढ्या गोलावर खिळलं होतं. ‘लिहा,’ ते म्हणाले. ‘मोठ्या अक्षरात लिहा. आन माझा गोल मधोमध घ्या. फोटो पाठवतो.’

फोटो आला. काळा गॉगल, गळ्यात हार, हात जोडलेले. फ्लेक्सवाला एकदम खूश झाला. ‘आता कसं फ्लेक्सासारखं दिसाया लागलं,’ म्हणाला. मधोमध अध्यक्ष, चहूकडून त्यांच्याकडे येणारे लालबुंद बाण. प्रत्येक बाणावर लिहिलेलं की कोणाचं काय अडलंय. आकाशी ढग कोपऱ्यात गेला. शुभेच्छुक समस्त ग्रामस्थ तसेच राहिले. अध्यक्षांना ते इतकं आवडलं की त्यांनी स्वतःच्या खर्चाने आणखी एक छापून फाट्यावर लावला, जिथून आठची जीप सुटते तिथे.

आता फाट्यावर जीपची वाट बघत उभ्या राहणाऱ्या बायांना दुसरं काय काम असतं? वाचन. आत्याने मला फोन केला. ‘त्या गॉगलवाल्याच्या चित्रात आपल्या वस्तीचं पाणी लिव्हलंय, त्यो बाण म्हंजी काय गं?’ बाण कुठून निघतो आणि कोणाकडे जातो ते मी सांगितलं. ती मग म्हणाली, ‘बरं. ग्रामसभा कदी हाय?’

ग्रामसभेत मी चित्र समजावून सांगितलं. कोणी ऐकलं नाही. अध्यक्ष माईक घेऊन फ्लेक्सच्या पुढे उभे राहिले, म्हणजे मागे एक अध्यक्ष आणि पुढे एक. त्यांनी योजनेचं महत्त्व, पाण्याचं महत्त्व आणि स्वतःचं महत्त्व सांगितलं. ‘कुणाला काय इचारायचंय?’ असं ते म्हणाले आणि माईक ठेवायला वळले. तेवढ्यात वस्तीतल्या बाया उठल्या. आत्या सगळ्यांत पुढे. ती सरळ फ्लेक्सपाशी गेली आणि तिने बाणाच्या शेपटाला बोट लावलं.

‘ह्यो बाण आमचा,’ ती म्हणाली. आवाज माईकशिवायच मागपर्यंत गेला. ‘हितनं निघतोय, वस्तीतनं. लिव्हलंय, वस्तीला सकाळी आठच्या आत पाणी. बरोबर हाय?’ तिने बोट सरकवत सरकवत नेलं. ‘आन हितं, तुमच्या फोटोपशी येऊन थांबलाय. म्हंजी आमचं पाणी तुमच्यापशी अडलंय. मी न्हाई म्हणत. तुमीच छापलंय, तुमच्याच पैशानं. फाट्यावर पण लावलंय. मग सोडा की आता!’

हशा असा उसळला की ओट्यावरची कुत्री उठून पळाली. गावठाणातली माणसंही हसत होती, आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही जाणार नव्हतं. वरच्या घरांना स्वतःच्या टाक्या होत्या, पहाटे आलं काय आणि साडेआठला आलं काय. दोघेचौघे कुरकुरले की आधीपासूनचा क्रम मोडतोय. पण अध्यक्ष कैचीत सापडले होते. नाही म्हणावं तर एवढ्या मोठ्या फोटोचा माणूस बिनकामाचा ठरतो. मला वाटलं होतं ते माझ्यावर भडकतील. त्यांनी गॉगल काढला, पुसला, परत घातला आणि माईक उचलला.

‘हा विषय,’ ते म्हणाले, ‘मी सोता बऱ्याच दिवसांपास्नं डोक्यात घेतलेला हाय. उद्यापास्नं आधी वस्तीचा वॉल, मग गावठाणाचा. माझा शब्द हाय!’

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, तळहात लाल होईस्तोवर. आमच्या वस्तीच्या इतक्या वर्षांच्या अर्जविनंत्यांनी जे झालं नव्हतं ते एका गॉगलने केलं, याचा मला आनंदही झाला आणि मरणाचा संतापही आला. दोन्ही एकदम. दुसऱ्या दिवशी साडेसहाला नळाला पाणी आलं. आत्याने हंडे भरले, अंगण शिंपलं, केस धुतले आणि आठच्या जीपमध्ये खिडकीपाशी जाऊन बसली.

मी सरांकडे पेढे घेऊन गेले. सरांनी पेढा हातात घेतला, माझं ऐकलं, आणि पेढा परत खोक्यात ठेवला.

‘म्हणजे संघर्ष गेला?’

‘गेला, सर!’

‘पूर्ण गेला?’ त्यांचा चेहरा पडला होता. ‘अगं, मग प्रबंध कशाचा? ती रेघच गेली. ध्येय साध्य झालं तर मॉडेल कशाचं करायचं? आणि तू हस्तक्षेप केलास. पाहुणे येणार आहेत, त्यांना दाखवायचं काय? पाणी येतंय ते?’ ते येरझाऱ्या घालायला लागले. मग थबकले. ‘असं करता येईल का? अध्यक्षांशी बोलून, फक्त पाहुणे येऊन जाईपर्यंत, जुना क्रम परत सुरू करता येईल का?’

मी फळ्यापाशी गेले आणि खडू उचलला. ‘सर, आपल्या मॉडेलमध्ये एक गोल राहिलाय,’ मी म्हटलं. एक गोल काढला, त्यात लिहिलं ‘संशोधक’. दुसरा काढला, ‘वस्ती’. पहिल्याकडून दुसऱ्याकडे बाण ओढला आणि त्यावर लिहिलं: ‘पाणी न येणे’. ‘आपलं तिथे अडलंय, सर. लाभार्थ्यांवर.’ मला वाटलं, आता हे मला खोलीबाहेर घालवतील, आणि घालवलं तर घालवू देत.

सर फळ्याकडे टक लावून बघत होते. मग हळूच म्हणाले, ‘इंटरेस्टिंग.’ त्यांनी मोबाइल काढून फळ्याचा फोटो घेतला. ‘हे पेपरमध्ये घालता येईल. पण त्यासाठी आधी पाणी बंद असायला हवं ना गं.’

मी हात टेकले. पण मी अध्यक्षांशी बोलायला ठाम नकार दिला, आणि तेवढ्यापुरतं सरांनी ऐकलं. त्यांनी मधला मार्ग काढला. गावातले असले बदल टिकत नाहीत, असा त्यांचा अभ्यास होता. अध्यक्षांचा उत्साह ओसरेल, फ्लेक्स फाटेल, पाणी सोडणारा जुन्या सवयीवर येईल. ‘तुझी मुदत संपायला अजून अवकाश आहे,’ ते म्हणाले. ‘थांबू या. पाहुण्यांना पुढची तारीख कळवतो. जुना क्रम परत आला की आपलं सगळं जागेवर येईल. पाणी परत दुपारी आलं की तुझा प्रबंध झालाच म्हणून समज.’ त्यांना माझं भलंच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मग सरांचे फोन सुरू झाले. शनिवार-रविवार मी आत्याकडे असायचे, तेव्हा हमखास. ‘काय गं, पाणी येतंय का?’ मी म्हणायचे, येतंय. ‘वेळेवर?’ वेळेवर. ‘बरं,’ सर म्हणायचे, आणि फोन ठेवायचे.

आत्या हे ऐकत असायची. एकदा ती भाकरी थापता थापता म्हणाली, ‘तुझं सर लई चांगला माणूस हाय बरं का. कुटनं कुटं पुण्यात बसून आपल्या पाण्याची चवकशी करतुया. आपल्या अध्यक्षानं तरी कदी इचारलंय का?’ तिला काय सांगू? की तुझा हंडा भरला की माझी पदवी एक पायरी खाली उतरते? तिने नोकरी टिकवली होती. मॅनेजरने दिवाळीला तिला डबा आणि साडी दिली होती. ती साडी ती मला नेसवायला निघाली होती, पदवीदानाला.

माझी मुदत संपायच्या आदल्या रविवारी सकाळी मी अंगणात बसले होते. नळ चालू होता. फोन वाजला तेव्हा माझे हात ओले होते, म्हणून आत्यानेच उचलला आणि स्पीकरवर टाकला. नळाजवळच ठेवला, म्हणजे सरांना पाण्याचा आवाजही ऐकू जावा.

‘सर, मी हिची आत्या बोलतेय!’ ती ओरडली. ‘आलंय बरं का पाणी! रोज येतंय! आज तर साडेसहाच्याबी आधी आलं! तुमच्याच पुण्याईनं बघा!’

नळाची धार तेवढी हंड्यात पडत होती. मग सरांचा आवाज आला, अगदी मनापासून निघालेला.

‘अरेरे,’ सर म्हणाले.

आत्याने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘काय म्हणालं गं?’

‘आनंद झाला म्हणतायत,’ मी म्हटलं, आणि भरलेला हंडा उचलून बाजूला ठेवला.